कारखाना बुडाला, विद्या उरली

हैदराबाद शहराच्या वायव्येस बालानगर नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिच्या लगतच एका मोठ्या सरकारी औषध कारखान्याची विस्तीर्ण जागा दिसते. ‘इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड’ हे त्या कंपनीचे नाव. लोक तिला ‘आयडीपीएल’ ह्या चार अक्षरांनी ओळखतात. एके काळी ह्या जागेत हजारो हात राबत होते. पुढे तेथील यंत्रे थांबली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही कंपनीच बंद करण्याचा निर्णय घेतला. सरकारी उद्योगाच्या अपयशाचे उदाहरण म्हणून तिच्याकडे बोट दाखवणे मग सोपे झाले.

परंतु त्याच जागेवरून थोडे पुढे गेले की जीडीमेटला लागते, आणखी पुढे बोल्लारम व पाटनचेरू. ह्या पट्ट्यात औषधद्रव्ये तयार करणारे लहानमोठे असंख्य कारखाने आहेत. त्यांचा माल अमेरिकेत जातो, युरोपात जातो, आफ्रिकेतील खेड्यांतील दवाखान्यांत जातो. शहराच्या उत्तरेला लसी तयार करणाऱ्या संस्थांची स्वतंत्र वसाहत आहे. मध्ये बुडालेला कारखाना आणि सभोवती बहरलेला उद्योग, असे हे विचित्र दृश्य आहे. ते पाहून एक प्रश्न सहज मनात येतो. नवी विद्या, नवे तंत्र, नवा शोध ह्या गोष्टी देशात रुजतात त्या सरकारमुळे, की धाडसी उद्योजकांमुळे? बालानगरात सरकार हरले की जिंकले? हा प्रश्न केवळ अर्थशास्त्रज्ञांचा नाही. औषधाच्या दुकानासमोर उभे राहून खिशातील पैसे मोजणाऱ्या माणसाचाही तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

हैदराबादेत राज्यकर्त्यांनी विज्ञानाला द्रव्यसाहाय्य करण्याची प्रथा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याला भूल देण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरीत. कधी कधी रोगी त्यातच दगावे. तो श्वास थांबून मरतो की हृदय थांबून, ह्याविषयी डॉक्टरांत मोठा वाद होता. निजामाच्या सेवेतील एडवर्ड लॉरी ह्या डॉक्टरांनी १८८८ साली ह्यासाठी एक मंडळ नेमवून प्रयोग केले. त्यांवर आक्षेप आले, तेव्हा निजाम सरकारने लंडनच्या ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाला १००० पौंड देऊ केले आणि तज्ज्ञ पाठविण्याची विनंती केली. त्याप्रमाणे १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित वैद्य हैदराबादेस आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, आणि धोका श्वासाला आहे, हृदयाला नाही, असा निर्णय दिला गेला. पुढे १९११ मध्ये इंग्लंडातील संशोधनाने तो निर्णय चुकीचा ठरविला. क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी थांबू शकते, हे सिद्ध झाले. सरकारच्या पैशाने प्रयोग विकत घेता येतात, बरोबर उत्तर विकत घेता येत नाही, हा धडा त्या शहराला असा लवकर मिळाला.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस ह्या लष्करी डॉक्टरांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले. ह्या कार्यासाठी १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शोध जगाच्या उपयोगी पडला, हे खरेच. तथापि त्यातून हैदराबादेत ना प्रयोगशाळा उभी राहिली, ना औषधाचा कारखाना. शोध लावणारा आला आणि गेला. त्याची विद्या घेऊन पुढे चालणारी माणसे मागे राहिली नाहीत. एखाद्या गावात शोध लागणे ही एक गोष्ट, आणि त्या गावाला शोध लावण्याची सवय लागणे ही दुसरी.

ती सवय लावण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात सुरू झाले. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघाले. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्यामुळे औरंगाबाद, परभणी, नांदेडकडील कित्येक विद्यार्थ्यांची उच्च शिक्षणाची वाट हैदराबादेवरूनच जात असे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, संस्थानी सरकारने उद्योगांना उपयोगी पडेल असे संशोधन करण्यासाठी एक मध्यवर्ती प्रयोगशाळा स्थापन केली. संस्थान भारतात विलीन झाल्यावर ती केंद्रीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली, १९५६ मध्ये तिचे नाव ‘रीजनल रिसर्च लॅबोरेटरी’ झाले, आणि पुढे १९८९ पासून ती ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. राज्य बदलले, राजवट बदलली, नावे बदलली. प्रयोगशाळेतील दिवा मात्र विझला नाही.

स्वातंत्र्याच्या वेळी देशातील औषधांची स्थिती काय होती? क्षय, हिवताप, विषमज्वर हे घरोघरीचे रोग होते, आणि त्यांवरची नवी औषधे बहुतांशी परदेशी कंपन्यांच्या हाती होती. १९११ च्या जुन्या पेटंट कायद्याने त्यांना मोठे संरक्षण होते. पेटंट म्हणजे शोधकाला ठराविक मुदतीपर्यंत मिळालेला मक्तेदारीचा हक्क. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार ह्यांनी १९५९ मध्ये ह्या विषयावर सरकारला अहवाल दिला. भारतातील बहुसंख्य पेटंटे परकीयांच्या मालकीची आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा येथे उत्पादनासाठी उपयोगच केला जात नाही, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच सुमारास अमेरिकेच्या सिनेटमधील केफॉवर समितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली, तेव्हा सर्वांत महाग औषधे मिळणाऱ्या देशांत भारताची गणना झाली. अत्यंत गरीब देशाने अत्यंत महाग औषध घ्यावे, असा तो न्याय होता.

ह्यावर सरकारने दोन उपाय योजले. पहिला कारखान्यांचा. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने ‘हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स’ची स्थापना झाली, आणि भारतात पेनिसिलिन तयार होऊ लागले. त्यानंतर १९५९ मध्ये सोव्हिएट रशियाशी करार होऊन १९६१ मध्ये आयडीपीएलची स्थापना झाली. प्रतिजैविकांचा कारखाना हृषीकेशला, शस्त्रक्रियेच्या उपकरणांचा मद्रासला, आणि रासायनिक रीतीने बनणाऱ्या औषधांचा हैदराबादला, अशी वाटणी झाली. बालानगरच्या कारखान्यात सल्फा औषधे, जीवनसत्त्वे, वेदनाशामके अशी नेहमीच्या गरजेची औषधे मूळ रसायनांपासून तयार करावयाची होती. बाहेरून औषधद्रव्य आणून येथे केवळ गोळ्या वळण्याचे ते काम नव्हते. म्हणूनच त्यासाठी शेकडो रसायनशास्त्रज्ञ, अभियंते व कुशल कामगार घेऊन त्यांना शिकवावे लागले.

दुसरा उपाय कायद्याचा. अय्यंगार अहवालाच्या आधारे १९७० मध्ये नवा पेटंट कायदा संमत झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो अंमलात आला. औषधाच्या पदार्थावर यापुढे पेटंट मिळणार नाही. ते तयार करण्याच्या कृतीवर मात्र मिळेल, आणि तेही फार तर सात वर्षे, असे ह्या कायद्याने ठरविले. हा भेद एका साध्या दाखल्याने समजेल. एखाद्या गावाला जाणारी नवी वाट कोणी पाडली, तर त्या वाटेवर काही काळ त्याचा हक्क राहावा. पण गावच त्याच्या मालकीचे होऊ नये. ज्याला दुसरी वाट पाडता येईल, त्याने ती पाडून त्याच गावाला खुशाल जावे. भारतातील रसायनशास्त्रज्ञांना ह्या कायद्याने दुसरी वाट पाडण्याचे आव्हानच दिले.

हे काम वरून दिसते तितके सोपे नसते. परदेशी कंपनीचे पेटंटाचे कागद उघड असतात. ग्रंथालयात बसून ते कोणालाही वाचता येतात. पण कागदावरची कृती आणि कढईतला पदार्थ ह्यांत किती अंतर असते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. औषध पुष्कळदा आठदहा टप्प्यांनी तयार होते, आणि प्रत्येक टप्प्यात थोडा माल वाया जातो. समजा, टप्पे दहा आहेत, आणि प्रत्येक टप्प्यात शंभरांतील ऐंशी भाग हाती लागतात. तर दहाव्या टप्प्याअखेर मूळच्या शंभरांतून जेमतेम अकरा भाग उरतात. आता प्रत्येक टप्प्यात ऐंशीऐवजी नव्वद भाग मिळविता आले तर? शेवटी पस्तीस भाग हाती येतात. एकेका टप्प्यातील सुधारणा लहान. परंतु अखेरीस उत्पादन तिपटीहून अधिक होते, आणि त्याच प्रमाणात खर्च उतरतो. कोणत्या तपमानाला काय घालावे, महागडे द्रावण टाळून स्वस्त कोणते वापरावे, वापरलेले द्रावण पुन्हा कसे मिळवावे, अशा बारीक गोष्टींत ही विद्या असते. ह्याला कोणी नक्कल म्हणतात. नक्कल म्हणावी तर पदार्थ दुसऱ्याने शोधलेला, हे खरे. पण तो निम्म्याहून कमी खर्चात तयार करण्याची रीत शोधावीच लागते, आणि तीही बुद्धीचेच काम आहे.

ही विद्या शिकण्याची जागा बालानगरला होती. तेथील एका विद्यार्थ्याची कथा सर्वांना माहीत आहे. गुंटूर जिल्ह्यातील ताडेपल्ली येथील हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा अंजी रेड्डी मुंबईस आला आणि माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात शिकला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत संशोधन करून त्याने डॉक्टरेट मिळविली, आणि १९६९ मध्ये तो आयडीपीएलमध्ये दाखल झाला. सुमारे सहा वर्षे त्याने तेथे काढली. प्रयोगशाळेतल्या काचपात्रातली कृती कारखान्याच्या मोठ्या भांड्यात कशी उतरवावी, हे तो तेथे शिकला. नंतर नोकरी सोडून त्याने भागीदारीत लहान कारखाने काढले, आणि १९८४ मध्ये स्वतःच्या नावाची ‘डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज’ ही कंपनी स्थापन केली. डॉ. रेड्डी २०१३ मध्ये निवर्तले, तोपर्यंत त्या कंपनीचे नाव जगभर झाले होते. ह्या एका आयुष्याचा हिशेब मांडला, तर मुंबईचे विद्यापीठ, पुण्याची सरकारी प्रयोगशाळा आणि हैदराबादचा सरकारी कारखाना ह्या तिन्ही सार्वजनिक संस्था त्यात जमेच्या बाजूला येतात. मात्र नोकरीची शाश्वती सोडण्याची हिंमत त्यांतील कोणीही दिलेली नव्हती. ती त्यांची स्वतःची होती.

डॉ. रेड्डी एकटेच नव्हते. आयडीपीएलमध्ये तयार झालेली कित्येक माणसे बाहेर पडली आणि भोवतालच्या वसाहतींत त्यांनी स्वतःचे कारखाने काढले, अथवा दुसऱ्यांचे सांभाळले. राज्य सरकारने औद्योगिक वसाहतींत जागा दिल्या, वित्त महामंडळांनी कर्जे दिली. अडचण आली की रीजनल रिसर्च लॅबोरेटरीचे दार जवळच होते. तेथे १९८५ मध्ये ए. व्ही. रामाराव संचालक म्हणून आले. त्यांची त्यापूर्वीची दोन दशकांहून अधिक सेवा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाली होती. त्यांच्या कारकिर्दीत एड्सवरील झिडोव्हुडीन ह्या औषधाची स्वस्त कृती तयार झाली आणि ती मुंबईच्या सिप्ला कंपनीने उत्पादनात आणली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाच्या युसुफ हमीद ह्यांनी एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा संच ३५० डॉलरला देण्याची तयारी जाहीर केली, तेव्हा तशाच उपचारांना पाश्चात्त्य देशांत दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत होता. आफ्रिकेतील लाखो रोग्यांच्या दृष्टीने हा जीवनमरणाचा फरक होता. त्याची वाट हैदराबादच्या एका सरकारी प्रयोगशाळेतूनही गेली आहे, हे विसरता कामा नये.

इकडे खुद्द आयडीपीएल मात्र खचत चालली. मूळ औषधद्रव्ये नियंत्रित किमतींत विकावी लागत. खर्च वाढत होता. माणसे गरजेहून अधिक झाली होती. बाजार बदलला की लहान कारखानदार आठवड्यात निर्णय घेई. सरकारी कारखान्याची फाईल दिल्लीला जाऊन परत येईपर्यंत हंगाम उलटून जाई. आणि तिनेच तयार केलेली माणसे बाहेर पडून तिचेच प्रतिस्पर्धी झाली होती. १९९२ मध्ये ती आजारी उद्योगांच्या यादीत गेली. जे कामगार तेथे उमेदीने आले होते, त्यांतील अनेकांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेऊन घरी जावे लागले. विद्या पसरली हे खरे. पण तिची किंमत कोणी मोजली, हेही त्या हिशेबात लिहिले पाहिजे.

जगातील घडामोडींनीही हैदराबादला हात दिला. ज्या १९८४ साली डॉ. रेड्डीज निघाली, त्याच वर्षी अमेरिकेने एक कायदा केला. पेटंटाची मुदत संपलेले औषध दुसऱ्या कोणी तयार केले, तर त्याला सर्व वैद्यकीय चाचण्या पहिल्यापासून करण्याची गरज नाही. आपले औषध मूळ औषधाच्या तोडीचे आहे एवढे सिद्ध केले की पुरे, असे त्या कायद्याने ठरले. शिवाय एखाद्या पेटंटाला प्रथम यशस्वी आव्हान देणाऱ्याला १८० दिवस एकट्याने माल विकण्याची सवलत मिळाली. हे दार अमेरिकेने आपल्या नागरिकांना स्वस्त औषध मिळावे म्हणून उघडले होते. त्यातून हैदराबादचे कारखानदार आत शिरले. ऑगस्ट २००१ मध्ये डॉ. रेड्डीजने फ्लुऑक्सेटीन ह्या नैराश्यावरील औषधाच्या बाबतीत ही सवलत मिळविली. पण त्या दारातून जाण्यासाठी अमेरिकन तपासनिसांच्या कसोटीला उतरावे लागे. कारखान्याची स्वच्छता, प्रत्येक घाण्याची नोंद, प्रत्येक चाचणीचा कागद, ह्या शिस्तीचे शिक्षण ह्या परक्या गिऱ्हाइकाने दिले. त्या कसोटीत भारतीय कारखाने नेहमीच उत्तीर्ण झाले असे नाही, आणि जे अनुत्तीर्ण झाले त्यांची निर्यात थांबली.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि तिच्या करारानुसार भारताला २००५ पासून औषधाच्या पदार्थावरही पेटंट देणे भाग पडले. गावावरच मालकी येणार, हे दिसू लागले. दूरदर्शी कंपन्यांनी आधीच ओळखले की आता स्वतःचे गाव वसविले पाहिजे. डॉ. रेड्डी ह्यांनी १९९३ मध्ये संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. तेथे मधुमेहावरील नवे रेणू तयार झाले, आणि १९९७ मध्ये त्यांतील एक डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्क कंपनीने पुढील विकासासाठी घेतला. भारतीय कंपनीने शोधलेला औषधी रेणू परदेशी कंपनीने मोबदला देऊन घ्यावा, हा प्रसंग मोठा होता. पण त्याच मालिकेतील दुसऱ्या रेणूच्या चाचण्या २००२ मध्ये थांबवाव्या लागल्या. प्रयोगातील प्राण्यांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या होत्या. वर्षानुवर्षांचे श्रम एका निरीक्षणाने वाया गेले. नव्या औषधाच्या शोधात शंभरांतील बहुतेक वाटा अशाच संपतात. ज्याला अपयशाचा खर्च सोसत नाही, त्याने ह्या मार्गाला जाऊ नये. आणि म्हणूनच हा खर्च समाजाने किती उचलावा व कंपनीने किती, हा प्रश्न प्रत्येक देशापुढे उभा असतो.

लसींच्या क्षेत्रात ही वाटणी अधिक स्पष्ट दिसते. पुष्पमित्र भार्गव ह्यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये रीजनल रिसर्च लॅबोरेटरीच्याच आवारात पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र सुरू झाले. १९९३ मध्ये के. आय. वरप्रसाद रेड्डी ह्या अभियंत्यांनी ‘शांता बायोटेक्निक्स’ ही कंपनी काढली. जंतुशास्त्राशी त्यांचा पूर्वी संबंध नव्हता. कावीळ ‘ब’ ह्या रोगावरची आयात लस सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. ती येथेच तयार करावयाची, एवढा त्यांचा निर्धार होता. कंपनीला आरंभी उस्मानिया विद्यापीठाने व नंतर ह्या केंद्राने प्रयोगशाळेत जागा दिली. केंद्र सरकारच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने भांडवलाला हातभार लावला. १९९७ मध्ये लस बाजारात आली, आणि आयात लसीच्या किमतीच्या अल्पांशात मिळू लागली. पुढे २००९ मध्ये ती कंपनी फ्रान्सच्या सनोफी समूहाकडे गेली. देशी म्हणून नावाजलेला उद्योग परदेशी हातात गेल्याचे अनेकांना वाईट वाटले. परंतु लसीची किंमत जी एकदा खाली आली, ती कोणालाच पुन्हा वर नेता आली नाही.

ह्याहून बोलके उदाहरण अर्भकांच्या अतिसारावरील रोटाव्हायरस लसीचे. १९८०च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत महाराज किशन भान व त्यांचे सहकारी ह्यांना नवजात बालकांत एक विषाणू आढळला. त्याची बाधा होऊनही ती बालके आजारी पडत नव्हती. त्यातून लस होऊ शकेल हे ओळखण्यापासून लस होईपर्यंत जवळजवळ तीन दशके लागली. भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग, अमेरिकेतील सरकारी आरोग्यसंस्था, परदेशी धर्मादाय निधी आणि १९९६ मध्ये कृष्णा एल्ला ह्यांनी हैदराबादेत स्थापन केलेली ‘भारत बायोटेक’ ह्या सर्वांनी तिचा भार वाहिला. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातील वढू येथे मिळून ६७९९ बालकांवर चाचणी झाली. रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र अतिसाराचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. एका मात्रेला एक डॉलर ही किंमत कंपनीने आधीच कबूल केली होती. २०१६ मध्ये ती लस राष्ट्रीय लसीकरणात आली. खेड्यातील ज्या मातांनी आपली तान्ही मुले ह्या चाचणीसाठी विश्वासाने पुढे केली, त्यांची नावे कोणत्याही पेटंटावर नाहीत. पण त्या लसीत त्यांचाही वाटा आहे.

विश्वास ही नाजूक वस्तू आहे. करोनाच्या साथीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू घेऊन भारत बायोटेकने लस तयार केली. एका वर्षाच्या आत हे घडले, ही गोष्ट अभिमानाची होती. परंतु जानेवारी २०२१ मध्ये, तिसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच तिला तातडीची मंजुरी देण्यात आली, आणि शास्त्रज्ञांतच मतभेद झाले. निष्कर्ष आले ते समाधानकारक होते, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’नेच ते छापले. तरीही क्लोरोफॉर्मच्या वेळचा धडा येथे आठवावा. सरकारला शोध घडावा अशी घाई असली, तरी पुराव्याला त्याचा वेळ द्यावाच लागतो.

कायद्याचे काम मात्र २००५ मध्ये संपले नाही. नवा कायदा करताना संसदेने त्यात दोन कुंपणे राखली. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट मागता येणार नाही, हे पहिले. औषध लोकांना परवडत नसेल, तर दुसऱ्याला ते तयार करण्याचा सक्तीचा परवाना देता येईल, हे दुसरे. ह्या दुसऱ्या तरतुदीचा उपयोग प्रथम हैदराबादच्याच नॅटको कंपनीने केला. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिब हे बायर कंपनीचे औषध महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत असे. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटकोला परवाना मिळाला: औषध ८८८० रुपयांहून अधिक किमतीला विकू नये, आणि मूळ कंपनीला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन द्यावे. मूळ शोधकाचा हक्क त्याने नष्ट झाला नाही. त्या हक्काला रोग्याच्या गरजेची मर्यादा पडली. अशा परवान्यांनी संशोधनाचा उत्साह मावळेल, असे कंपन्या म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण जे औषध कोणालाच घेता येत नाही, त्याचा शोध लागला काय आणि न लागला काय, ह्या प्रश्नालाही त्यांनी उत्तर दिले पाहिजे.

ह्या कथेला काळी बाजूही आहे. पाटनचेरू व बोल्लारमच्या कारखान्यांचे सांडपाणी ओढ्यांत व तळ्यांत गेले, शेते नासली, विहिरी बिघडल्या. १९९० मध्ये हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २००७ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी तेथील शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक एका लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. अशा पाण्यात जंतू औषधाला सरावतात, आणि मग ज्या औषधाने जग बरे व्हावयाचे, तेच निकामी होते. स्वस्त औषधाच्या किमतीत ह्या ओढ्याची किंमत कोणी धरलेली नव्हती.

दुसरी उणीव परावलंबनाची. चीनचा माल स्वस्त पडतो म्हणून भारतीय कंपन्यांनी अनेक मूळ औषधद्रव्ये येथे बनविणे सोडून दिले. पिंपरीला ज्या पेनिसिलिनने आरंभ झाला, त्याचे मूळ द्रव्यही देशात होईनासे झाले. २०२० च्या साथीत मालाची ये-जा अडखळली तेव्हा सरकार जागे झाले, आणि मूळ औषधद्रव्यांच्या उत्पादनासाठी ६९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर झाली. तिच्या आधारे हैदराबादच्या अरबिंदो समूहाने काकीनाडा येथे २०२४ मध्ये पेनिसिलिनचे मूळ द्रव्य पुन्हा तयार करण्यास आरंभ केला. सत्तर वर्षांपूर्वी शिकलेला धडा पुन्हा पहिल्या पानापासून गिरवावा लागला, असाच ह्याचा अर्थ. विद्या एकदा मिळविली म्हणजे कायमची आपली होत नाही. हात चालू ठेवावा लागतो.

तर मग बालानगरात सरकार हरले की जिंकले? कारखाना चालविण्यात ते हरले, ह्यात शंका नाही. परंतु माणसे शिकविण्यात, प्रयोगशाळा टिकविण्यात आणि कायद्याचे कुंपण योग्य ठिकाणी घालण्यात ते जिंकले. त्या शिकलेल्या माणसांनी स्वतःची जमापुंजी पणाला लावली नसती, तर ती विद्या फायलींतच राहिली असती. आणि ती विद्या त्यांना कोणी दिलीच नसती, तर त्यांच्या धाडसाला भांडवल नव्हते. एकाने पेरले, दुसऱ्याने कापले, आणि कापणाऱ्याने पुढच्या हंगामासाठी बी राखून ठेवले की नाही, ह्यावर पुढील पिढीचे पीक अवलंबून आहे.

हा सारा उद्योग कशासाठी, ह्याची कसोटी अखेर एकच आहे. निर्यातीचे आकडे मोठे असतात, समभागांचे भाव चढतात आणि उतरतात. पण संध्याकाळी औषधाच्या दुकानासमोर चिठ्ठी घेऊन उभा असलेला माणूस सगळी औषधे घेऊन घरी परतला, की निम्मीच घेऊन, हे पाहिले म्हणजे शोधाचे मोल कळते. बालानगरच्या त्या शांत झालेल्या कारखान्याचा हिशेबही त्याच दुकानासमोर व्हावयाचा आहे.